इन्यो काउंटी : हिमशिखरे, वाळवंट आणि परक्या शहराचे पाणी

इन्यो ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेवरील एक ग्रामीण काउंटी होय. काउंटी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय विभाग. स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा, परंतु निर्वाचित मंडळाच्या हाती कारभार असलेला. क्षेत्रफळ सुमारे २६,४८८ चौ. किमी.; लोकसंख्या १९,०१६ (२०२०). विस्ताराने कॅलिफोर्नियात दुसरा क्रमांक असूनही येथे दर चौरस किलोमीटरमागे एक माणूसही पडत नाही. प्रशासकीय ठाणे इंडिपेंडन्स या लहानशा गावी असून बिशप (लोकसंख्या ३,८१९) ही काउंटीतील एकमेव नगरपालिका आहे. सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात खाजगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बहुतेक भूमी संघराज्य सरकारची आहे, आणि खोऱ्यातील सपाट, लागवडीयोग्य जमिनीचा फार मोठा हिस्सा साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराच्या मालकीचा आहे. एका शहराने दुसऱ्या प्रदेशाची जमीन पाण्यासाठी विकत घेतली, तर त्या प्रदेशाचे पुढे काय होते, याचे शंभर वर्षांहून अधिक काळाचे उदाहरण म्हणून इन्योचा इतिहास अभ्यासला जातो.

भूरचना

काउंटीच्या पश्चिमेस सिएरा नेवाडा ही ग्रॅनाइटची उत्तुंग पर्वतरांग आहे. पूर्वेस व्हाइट व इन्यो पर्वत आहेत. या दोहोंमध्ये सुमारे १२० किमी. लांबीचे ओवेन्स खोरे पसरले आहे. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मी. उंचीवर असून दोन्ही बाजूंची शिखरे त्याहून जवळजवळ ३,००० मी. उंच चढतात. भूकवचातील भ्रंशांमुळे पर्वत उचलले गेले व मधला पट्टा खचला, अशी या खोऱ्याची घडण आहे. इन्यो पर्वतांच्या पलीकडे एकामागून एक ओसाड रांगा व दऱ्या लागतात आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध डेथ व्हॅली ही होय.

सिएराच्या कण्यावरील माउंट व्हिटनी (४,४२१ मी.) हे अलास्का वगळता संयुक्त संस्थानांतील सर्वोच्च शिखर आहे. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर हा खोलगट भाग समुद्रसपाटीखाली ८६ मी. असून तो उत्तर अमेरिकेतील सर्वांत सखल बिंदू आहे. ही दोन्ही स्थाने एकाच काउंटीत, सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे १३६ किमी. अंतरावर आहेत.

ओवेन्स नदी उत्तरेकडील मोनो काउंटीत उगम पावते आणि सिएरातून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी घेत दक्षिणेकडे वाहते. ती समुद्रास मिळत नाही. खोऱ्याच्या दक्षिण टोकाशी असलेल्या, बाहेर वाट नसलेल्या ओवेन्स सरोवरात तिचा प्रवास संपत असे. जॉन फ्रेमॉन्ट या संशोधक अधिकाऱ्याने १८४५ मध्ये आपल्या मोहिमेतील सहकारी रिचर्ड ओवेन्स याचे नाव नदीस व सरोवरास दिले.

हवामान व वनस्पती

पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे सिएराच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. त्यामुळे पर्वताच्या पर्जन्यछायेत असलेल्या ओवेन्स खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम १२ ते १५ सेंमी. पाऊस पडतो, तर डेथ व्हॅलीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. तथापि सिएराच्या माथ्यावर हिवाळ्यात साचलेले बर्फ उन्हाळ्यात वितळून पूर्वेकडेही उतरते. खोऱ्याचे सारे जीवन आभाळातील पावसावर नव्हे, तर या वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून आहे. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७° से. हे जगातील अधिकृत उच्चांकी तापमान मानले जाते.

व्हाइट पर्वतांवर सुमारे ३,००० मी. उंचीवर ब्रिसलकोन पाइन हे खुरटे, पिळवटलेले वृक्ष आढळतात. एडमंड शुलमन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्यांच्या खोडातील वार्षिक वलये मोजली, तेव्हा काही वृक्षांचे वय चार हजार वर्षांहून अधिक असल्याचे दिसून आले. ‘मेथुसेला’ या नावाने ओळखला जाणारा वृक्ष ४,८०० वर्षांहून जुना आहे. तो नेमका कोणता, हे त्याच्या संरक्षणासाठी गुप्त ठेवण्यात आले आहे.

मूळ रहिवासी

ओवेन्स खोऱ्यात पायूट व डेथ व्हॅलीच्या परिसरात टिंबिशा शोशोनी हे लोक शतकानुशतके राहत आले आहेत. पायूट आपल्या भूमीस ‘पायाहूनादू’ म्हणतात. त्याचा आशय ‘वाहत्या पाण्याची जागा’ असा आहे. ज्युलियन स्टुअर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास नोंदवून ठेवलेल्या माहितीनुसार, आजच्या बिशप गावाजवळ पायूटांनी ओढ्यावर बांध घालून मैलोगणती पाट काढले होते. त्या पाण्यावर ते मोथ्याच्या जातीचे कंद व इतर खाद्यवनस्पती वाढवीत. पाणी सोडण्याचे व फिरविण्याचे काम पाहणाऱ्या पाटकऱ्याची निवड दरवर्षी लोकांच्या संमतीने होई. नांगर वा पेरणी नसलेले हे सिंचन अमेरिकेतील मानवशास्त्राच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले आहे.

१८६१ पासून गोरे पशुपालक खोऱ्यात आले. त्यांची गुरे पाटांवरील कुरणांतच चरू लागली. १८६१-६२ च्या कडक हिवाळ्यात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा पायूटांनी गुरे मारली आणि संघर्षास तोंड फुटले. ४ जुलै १८६२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सैन्याने येथे तळ उभारला. म्हणून त्यास ‘कॅम्प इंडिपेंडन्स’ हे नाव पडले. पुढच्या वर्षी सुमारे एक हजार पायूटांना दक्षिणेकडील फोर्ट टेहोन येथे पायी हलविण्यात आले. पुष्कळजण कालांतराने परतले. परंतु त्यांचे पाट व ओढे तोवर इतरांच्या ताब्यात गेले होते.

काउंटीची स्थापना व खाणींचा काळ

इन्यो काउंटीची स्थापना १८६६ मध्ये झाली. ‘इन्यो’ म्हणजे महान आत्म्याचे निवासस्थान, अशी रूढ समजूत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या खुणा येथील स्थलनामांतही उमटल्या आहेत. दक्षिणेकडील राज्यांच्या पक्षपात्यांनी लोन पाइनजवळील टेकड्यांना ‘अलाबामा’ या आपल्या युद्धनौकेचे नाव दिले. १८६४ मध्ये ‘किअरसार्ज’ या उत्तरेच्या नौकेने ती बुडविली, तेव्हा उत्तरेच्या पक्षपात्यांनी जवळच्याच खाणीस ‘किअरसार्ज’ नाव देऊन उत्तर दिले.

१८६५ मध्ये मेक्सिकन शोधकांना इन्यो पर्वतांत सेरो गोर्डो येथे चांदी सापडली. चांदी व शिसे यांच्या मिश्र विटा खेचरांच्या गाड्यांतून वाळवंटापार लॉस एंजेलिसला नेल्या जात. खाणकामगारांसाठी धान्य व जनावरांसाठी चारा त्याच गाड्या परतीच्या वाटेने आणीत. त्या काळी लहान असलेल्या लॉस एंजेलिसच्या बाजारपेठेला या व्यापाराचा मोठा आधार झाला. विटा पलीकडच्या तीरावर नेण्यासाठी १८७२ मध्ये ओवेन्स सरोवरात ‘बेसी ब्रॅडी’ ही वाफेवर चालणारी नौका सोडण्यात आली. आज ते सरोवर पाहणाऱ्यास तेथे कधी आगबोट चालत होती, यावर विश्वास बसणे कठीण आहे.

त्याच वर्षी २६ मार्चच्या पहाटे खोऱ्यात प्रचंड भूकंप झाला. लोन पाइन येथे २७ जण मृत्युमुखी पडले आणि ५९ पैकी ५२ घरे कोसळली. गावाजवळ जमीन खचून तयार झालेला भ्रंशकडा आजही स्पष्ट दिसतो. १८७३ मध्ये लोन पाइनच्या तीन रहिवाशांनी माउंट व्हिटनीवर पहिली नोंदलेली चढाई केली. १८८३ मध्ये अरुंदमापी रेल्वे सरोवराच्या काठावरील कीलरपर्यंत पोहोचली.

डेथ व्हॅलीत १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी कारखान्यात टाकणखार तयार होई. तो वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांतून सुमारे २६५ किमी. वरील मोहावे स्थानकावर नेला जाई. हा उद्योग अल्पजीवी ठरला. पण ‘वीस खेचरांची गाडी’ हे चित्र साबणाच्या व टाकणखाराच्या जाहिरातींतून अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

खाणी ओसरल्यावर शेतीने जोर धरला. ओढ्यांचे पाट काढून गहू, मका, लसूणघास, सफरचंद व नासपती यांची लागवड होऊ लागली. मेरी ऑस्टिन या लेखिकेने इंडिपेंडन्स येथे राहून १९०३ मध्ये ‘द लँड ऑफ लिटल रेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. या प्रदेशावरील ते अभिजात लेखन मानले जाते.

जलवाहिनीचा व्यवहार

१९०० मध्ये लॉस एंजेलिसची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. १९१० मध्ये ती तीन लाखांवर गेली. शहराची स्वतःची नदी अपुरी होती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी ओवेन्स नदीचे पाणी आणण्याची कल्पना मांडली आणि जलविभागाचे मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड यांना ती पटली. खोरे शहराहून उंचावर असल्याने पंप न लावता केवळ उताराच्या जोरावर पाणी आणणे शक्य होते.

त्याच सुमारास संघराज्य सरकारच्या नव्या सिंचन खात्याने ओवेन्स खोऱ्यातच शेतीसाठी प्रकल्पाची पाहणी चालविली होती. शेतकरी त्या प्रकल्पाची वाट पाहत होते. या खात्याचे कॅलिफोर्नियातील प्रमुख जे. बी. लिपिनकॉट हे एकीकडे सरकारी सेवेत असताना दुसरीकडे लॉस एंजेलिस शहरासाठी सल्लागार म्हणूनही काम करीत. १९०४-०५ मध्ये ईटन यांनी नदीकाठच्या जमिनी विकत घेण्याचे करार केले. हे सरकारी प्रकल्पासाठीच चालले आहे, असा अनेक विक्रेत्यांचा समज होता. जुलै १९०५ मध्ये शहरातील वृत्तपत्राने खरी योजना प्रसिद्ध केली, तेव्हा खोऱ्यास धक्का बसला. १९०६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पाठिंब्याने, सार्वजनिक भूमीतून जलवाहिनी नेण्यास शहरास परवानगी दिली. त्यानंतर शेतीचा सरकारी प्रकल्प सोडून देण्यात आला.

१९०७ मध्ये शहराच्या मतदारांनी २ कोटी ३० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. कालवे, बोगदे व पोलादी नळ यांची मिळून सुमारे ३७५ किमी. लांबीची जलवाहिनी पाच वर्षांत पूर्ण झाली. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहराच्या सीमेवर पोहोचले. ‘हे आले पाणी, घ्या’ एवढ्या अर्थाचे मलहॉलंड यांचे भाषण अमेरिकेच्या इतिहासातील अत्यंत संक्षिप्त भाषणांपैकी एक गणले जाते.

जलवाहिनीचे मुख इंडिपेंडन्सच्या उत्तरेस होते. त्याच्या वरच्या अंगाची शेती आणखी काही वर्षे चालू राहिली. १९२० च्या दशकात अवर्षण पडले, शहर झपाट्याने वाढले, आणि शहराच्या प्रतिनिधींनी वरच्या भागातील पाटांचे हक्क व जमिनी खरेदी करण्यास आरंभ केला. एका पाटावरील काही भागधारकांनी जमीन विकली की उरलेल्यांवर पाट सांभाळण्याचा भार वाढे. शेजाऱ्याने विकले म्हणून आपणही विकावे लागे. गावातील दुकानदारांकडे विकण्यासारखे पाणीच नव्हते. शेतकरी गेले की त्यांचा धंदा बुडणार होता, पण भरपाई कोणी देऊ करीत नव्हते. त्यामुळे विरोधाचे केंद्र शेतांइतकेच गावांतही होते.

२१ मे १९२४ रोजी जलवाहिनीवर सुरुंगाचा स्फोट करण्यात आला. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी खोऱ्यातील लोकांनी अलाबामा टेकड्यांजवळील दरवाजे ताब्यात घेतले व पाणी नदीपात्रात सोडून दिले. चार दिवस तेथे जणू जत्रा भरली. बायकामुले जेवण घेऊन आली. जवळच चित्रीकरण करीत असलेला चित्रपट-अभिनेता टॉम मिक्स याने आपले वादक पाठविले. वाटाघाटींच्या आश्वासनावर लोक परतले, पण तोडगा निघाला नाही. १९२७ मध्ये पुन्हा स्फोट झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरोधाचे नेतृत्व करणाऱ्या वॉटरसन बंधूंच्या बँका बंद पडल्या आणि पुढे दोघांना अफरातफरीबद्दल शिक्षा झाली. खोऱ्यातील कुटुंबांची ठेव बुडाली व प्रतिकारही मावळला. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी खोऱ्यातील नऊ-दशांशाहून अधिक शेतजमीन आणि गावांतील बहुतांश मालमत्ता शहराच्या नावे झाली होती.

मलहॉलंड यांची कारकीर्दही शोकान्त ठरली. जलवाहिनीचे पाणी साठविण्यासाठी लॉस एंजेलिसच्या उत्तरेस बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री फुटले व चारशेहून अधिक माणसे बुडाली. मलहॉलंड यांनी दोष स्वतःकडे घेतला व निवृत्ती पत्करली.

या व्यवहाराच्या न्याय्यतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. व्यवहार कायद्याच्या चौकटीत झाले आणि बाजारभावाहून चांगली किंमत मिळाल्याने काहींनी आनंदाने विक्री केली, ही एक बाजू. अर्थशास्त्रज्ञ गॅरी लिबेकॅप यांच्या अभ्यासानुसार शेतकऱ्यांचे सर्वस्व लुटले गेले नाही. मात्र शहरास मिळालेल्या लाभाच्या मानाने त्यांच्या वाट्यास आलेला हिस्सा फारच अल्प होता. १९७४ चा ‘चायनाटाउन’ हा गाजलेला चित्रपट या प्रकरणावर सैलपणे आधारलेला असून त्यातील घटना इतिहास म्हणून घेता येत नाहीत.

या सर्व वादात मूळ रहिवाशांचा उल्लेख बहुधा शेवटी येतो. शेतमळ्यांवर मजुरी करणारे पायूट, मळे बंद पडताच बेकार झाले. १९३७ च्या कायद्यानुसार संघराज्य सरकार व शहर यांनी जमिनींची अदलाबदल केली. पायूटांसाठी राखलेली सुमारे २,९१४ एकर जमीन शहराकडे गेली व त्याबदल्यात बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन येथे सुमारे १,३९१ एकर मिळाली. पाण्याचे हक्क मात्र या अदलाबदलीत अनिर्णित राहिले, आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

मांझनार

इंडिपेंडन्सच्या दक्षिणेस मांझनार नावाचे स्थळ आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ सफरचंदांची बाग. पूर्वी येथे पायूटांची वस्ती होती. १९१० मध्ये फळबागायतदारांनी गाव वसविले. शहराने जमिनी विकत घेतल्यावर १९२९ पर्यंत तेही उठले. दुसऱ्या महायुद्धात, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी काढलेल्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यासाठी उभारलेल्या दहा छावण्यांपैकी एक लॉस एंजेलिसकडून भाड्याने घेतलेल्या मांझनारच्या जागेवर होती. येथे एकूण अकरा हजारांहून अधिक लोक ठेवले गेले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. डिसेंबर १९४२ मध्ये छावणीतील निदर्शनांवर सैनिकांनी गोळीबार केला व दोघांचा मृत्यू झाला. वाळूच्या वादळांत, ताडपत्री कागद मारलेल्या लाकडी बराकींत राहणाऱ्या या लोकांनी बागा व तळी तयार केली, तसेच उजाड गावातील जुन्या फळझाडांची छाटणी करून ती पुन्हा फळती केली. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली. १९९२ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. एकाच जागेवरून शंभर वर्षांच्या आत तीन समाजांना उठावे लागले, हे मांझनारचे वैशिष्ट्य होय.

सरोवराची धूळ व न्यायालयीन लढे

नदी वळविल्यावर सुमारे २८० चौ. किमी. चे ओवेन्स सरोवर १९२६ च्या सुमारास आटले. तळाशी उरलेल्या क्षारांच्या पापुद्र्यावरून वारा सुटला की पांढऱ्या धुळीचे लोट उठत. त्या धुळीत आर्सेनिकसारखे घातक घटकही होते. पुढे मोजमापे सुरू झाली, तेव्हा हवेत मिसळणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांचा अमेरिकेतील सर्वांत मोठा एकल स्रोत हे कोरडे सरोवरच असल्याचे आढळले. वायुप्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रेट्यामुळे २००१ पासून शहराने तळावर उथळ पाणी सोडणे, क्षारसहिष्णू गवत लावणे व खडी पसरणे असे उपाय हाती घेतले. त्यांवर आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आहे. धुळीचे प्रमाण पुष्कळ घटले आणि उथळ पाण्यावर स्थलांतरी पक्षी पुन्हा मोठ्या संख्येने उतरू लागले.

१९७० मध्ये शहराने दुसरी जलवाहिनी सुरू केली आणि ती भरण्यासाठी खोऱ्यातील भूजलाचा उपसा वाढविला. झरे आटले, कुरणे वाळली. कॅलिफोर्नियाच्या नव्या पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन इन्यो काउंटीने १९७२ मध्ये शहराविरुद्ध दावा दाखल केला. दीर्घ लढ्यानंतर १९९१ मध्ये दोन्ही पक्षांत जलकरार झाला. वनस्पतींची स्थिती पाहून उपशावर मर्यादा घालावी, हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. उपशाने झालेल्या हानीची भरपाई म्हणून डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या सुमारे १०० किमी. पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. नव्वदाहून अधिक वर्षे कोरड्या राहिलेल्या पात्रात लव्हाळी व वाळुंज उगवली. सरोवराच्या आधी हे पाणी पुन्हा उपसले जाते. तरीही नदी वाहती झाली, ही काउंटीच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

आजचे जीवन

काउंटीची अर्थव्यवस्था आज मुख्यतः पर्यटन व सरकारी सेवा यांवर चालते. महामार्ग क्र. ३९५ हा तिचा कणा आहे. पशुपालक शहराच्या मालकीच्या जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन गुरे चारतात. गावांना वाढण्यास जागा नाही. घरांची टंचाई हा बिशपसारख्या ठिकाणी नित्याचा प्रश्न आहे. १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या डेथ व्हॅलीचा बहुतांश भाग याच काउंटीत येतो. २००० मध्ये संघराज्याच्या कायद्याने टिंबिशा शोशोनींना फर्नेस क्रीकसह सुमारे ७,७५० एकर भूमी परत मिळाली. अलाबामा टेकड्यांत शेकडो चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे. त्यांत १९३९ च्या ‘गंगा दीन’चाही समावेश असून हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची पडद्यावरील दृश्ये प्रत्यक्षात लोन पाइनजवळ टिपलेली आहेत.

प्रवाशांना मोहविणारा ओवेन्स खोऱ्याचा मोकळेपणा हा निव्वळ निसर्गाचा नाही. शहराने जमीन विकत घेऊन ती पडीक ठेवली, म्हणून येथे कारखाने उठले नाहीत, नगरे पसरली नाहीत आणि पर्वतांच्या पायथ्याशी क्षितिज अबाधित राहिले. स्थानिकांपैकी कोणी यास सुदैव म्हणतात, तर कोणी एका मोडलेल्या संसाराची रिकामी जागा. दोन्ही मते एकाच वस्तुस्थितीवर उभी आहेत : सिएरावर पडणारे बर्फ इन्योत वितळते, परंतु त्याच्या पाण्याचा निर्णय अद्यापही मुख्यत्वे इन्योबाहेर होतो.